तंजावरचे भोसले: देवळाच्या भिंतीवर मराठी, मग गावात का नाही?

वाटचुकार

चिदंबरम, कुंभकोणम, तंजावर असा दौरा करून परवाच परतलो. एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतोय.

बृहदीश्वराच्या आवारात ओवऱ्यांतून रमतगमत फिरत होतो. एका भिंतीकडे लक्ष गेलं आणि बघतो तर चक्क देवनागरी! दगडात कोरलेल्या ओळीच्या ओळी, आणि भाषा मराठी. अक्षरांवर बोट ठेवून वाचायला लागलो तर शहाजी, एकोजी (म्हणजे व्यंकोजी) अशी आपली मंडळी भेटायला लागली. मागून येणारी माणसं 'हा काय वाचतोय' म्हणून माझ्याकडेच बघत होती. आमच्या गाईडने राजराज चोळावर पाऊण तास घेतला. घ्यावाच, देऊळ त्याचं आहे. मराठ्यांना मात्र एका दमात उरकलं: 'देन मराठा किंग्ज, लायब्ररी, फिनिश.'

शाळेत आम्हाला तंजावर म्हणजे दक्षिण दिग्विजयातला एक परिच्छेद. व्यंकोजी रुसले, महाराजांनी समजूत काढली, पुढचा धडा. घरी येऊन सनावळी बघितली तर १६७६ ते १८५५. म्हणजे आपल्या पेशवाईपेक्षा पाऊणशे वर्षं जास्तच.

तर प्रश्न असा, की इतकी वर्षं भोसल्यांनी राज्य करूनही शहरात मराठी कानावर का पडत नाही? ते मराठी राहिले की तमिळ झाले? आणि त्यांनी नेमकं केलं काय? 'कलेला उदार आश्रय दिला' हे उत्तर कृपया नको, ते प्रत्येक राजाबद्दल सांगतात.

कावेरीकाठची

अहो वाटचुकार, मराठी कानावर पडली नाही कारण तुम्ही हॉटेलात उतरलात. आमच्याकडे उतरला असतात तर सकाळी सहापासून पडली असती, आणि बरोबर डांगर पचडी न् रसवांगीही मिळाली असती.

माझं माहेर कुंभकोणमचं. आम्ही देशस्थ, पण आडनावाची भानगड नाही, नावापुढे 'राव' लावलं की झालं. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा सासूबाईंनी शेजारच्या काकूंना माझी ओळख करून दिली ती अशी: 'सून मद्राशी आहे, पण मराठी छान शिकलीय.' शिकलीय! आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुसरी भाषा नाही. तेव्हा तुमच्या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देते, कारण तो मला चाळीस वर्षं या ना त्या रूपात विचारला जातोय.

पहिलं म्हणजे, व्यंकोजीराजे तिकडे मराठी राज्य उभारायला गेले नव्हते. ते गेले विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार म्हणून. तंजावरला तेलुगू नायकांचं राज्य होतं. १६७३ मध्ये मदुरैच्या चोक्कनाथ नायकाने विजयराघव नायकाला लढाईत संपवलं आणि गादी बळकावली. विजयराघवाच्या वंशातलं एक पोर वाचलं होतं, त्याच्या बाजूची माणसं विजापूरकडे दाद मागायला गेली. आदिलशहाने व्यंकोजींना पाठवलं: जा, पोराला गादीवर बसवून या. ते गेले, आणि थोड्याच दिवसांत स्वतःच बसले. थोरल्या भावाचा, म्हणजे शिवाजी महाराजांचा, जुलै १६७७ मध्ये कोळ्ळिडमच्या काठी तिरुमळवाडीला मुक्काम पडला तेव्हा वाटणीवरून बोलणी फिसकटली आणि हे रातोरात नदी उतरून तंजावरला निघून गेले. पुढे लढाई झाली, मग तह. त्या तहात महाराजांनी बंगळूर दीपाबाईंना, म्हणजे व्यंकोजींच्या बायकोला, चोळीबांगडीसाठी दिलं. भावाला दिलं नाही, भावजयीला दिलं. दोघांत शहाणं कोण हे महाराजांनी नेमकं ओळखलं होतं असं आमच्याकडे बायका अजून म्हणतात.

आता हे राजे ज्या गादीवर बसले तिच्याभोवती काय होतं ते बघा. दरबारात कविता आणि नाटक तेलुगूत, कारण नायकांच्या वेळेपासून तीच रीत. शास्त्री-पंडित संस्कृतवाले. रयत तमिळ. आणि यांच्याबरोबर आलेले कारकून मोडी लिहिणारे. यांनी काय करावं? यांतलं काहीच मोडलं नाही, सगळं चालू ठेवलं. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे (राज्यकाल १६८४ ते १७१२) स्वतः नाटकं लिहायचे आणि त्यातली बरीचशी तेलुगूत! तिरुवारूरच्या त्यागेशाच्या पालखीवरचं त्यांचं तेलुगू नाटक प्रसिद्ध आहे. एका नाटकात त्यांनी पाच भाषा एकत्र आणल्या. आणि मराठीत 'लक्ष्मीनारायण कल्याण' लिहिलं. आपण मराठी रंगभूमीची सुरुवात सांगलीला १८४३ साली विष्णुदास भाव्यांपासून मोजतो. तंजावरच्या वाड्यात त्याच्या दीडशे वर्षं आधी मराठी नाटक लिहिलं जात होतं. पुण्यात हे सांगितलं की लोक 'हो का?' म्हणतात आणि चहा पितात.

सरफोजीराजे दुसरे (१७९८ ते १८३२) हे तर वेगळंच प्रकरण. भिंतीवर तुम्ही वाचलंत ते त्यांनीच १८०३ मध्ये कोरून घेतलेलं भोसलवंशचरित्र. पण मला त्यांची कुरवंजी जास्त आवडते. कुरवंजी हा तमिळ प्रकार. डोंगरातली कुरत्ती येते, विरहात झुरणाऱ्या नायिकेचा हात बघते, 'येईल हो तुझा राजा' असं सांगते, आणि रिवाजाप्रमाणे आपला डोंगर, आपला मुलूख यांचं वर्णन गाऊन दाखवते. सरफोजींनी 'देवेंद्र कुरवंजी' मराठीत लिहिली आणि त्या मुलखाच्या वर्णनाच्या जागी घातला अख्ख्या पृथ्वीचा भूगोल! खंडं, देश, समुद्र, सगळं ती कुरत्ती गाऊन सांगते. डोळ्यांसमोर आणा: तमिळ नाट्यप्रकार, मराठी भाषा, आतला मजकूर युरोपातल्या नकाशांवरचा. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या छायेत वाढलेला, मद्रासला शिकलेला राजा होता तो. श्वार्ट्झ वारल्यावर त्याच्या स्मारकावर सरफोजींनी स्वतः इंग्रजीत कविता लिहिली. पण बाप्तिस्मा काही घेतला नाही, आणि १८२० मध्ये मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला निघाले.

तर ते मराठी राहिले की तमिळ झाले? घरात मराठी, कचेरीत मराठी, देवळात तमिळ, गाण्यात तेलुगू, पंडितांशी संस्कृत, पुढे साहेबाशी इंग्रजी. यात त्यांना कधी अडचण झाल्याचं दिसत नाही. अडचण आपल्याला होते, एकाच खणात घालायची सवय आहे ना.

जमाखर्च

कावेरीताईंचा प्रतिसाद वाचायला झकास आहे, पण नेहमीप्रमाणे राजवाड्याच्या आतून लिहिलेला आहे. बाहेर काय चाललं होतं तेही येऊ द्या धाग्यावर.

तंजावर म्हणजे कावेरीचा त्रिभुज प्रदेश, दक्षिणेतलं भाताचं कोठार. जमिनीचे वतनी हक्क मिरासदारांकडे, ते मुख्यतः ब्राह्मण आणि वेळ्ळाळ. प्रत्यक्ष चिखलात उभं राहून लावणी करणारे पळ्ळर आणि परैयर. त्यातले कित्येक शेताला बांधलेले, जमीन विकली की माणसंही त्या सौद्यात. ही व्यवस्था भोसल्यांनी आणली नाही, पण बदललीही नाही. शहाजीराजांनी तिरुविशनल्लूर गावाला शहाजीराजपुरम नाव देऊन ते चाळीसेक विद्वानांना १६९३ मध्ये दान दिलं, याचं कौतुक सगळे करतात. त्या विद्वानांचं भात कुणी पिकवलं हे दानपत्रात नसतं.

आणि ही शांतता, नाटकं, संगीत वगैरे सलग नव्हतं. १७३६ ते १७३९ या तीन वर्षांत गादीवर एक राजा, त्याची विधवा राणी सुजानबाई आणि एक तोतया असे तिघं येऊन गेले, आणि दोर होते किल्लेदार सय्यदच्या हातात. प्रतापसिंहांनी ते आवरलं आणि १७६३ पर्यंत टिकले. त्यांच्यानंतर तुळजाजी आले आणि अर्काटच्या नवाबाची नजर तंजावरवर पडली. १७७३ मध्ये नवाबाने कंपनीची फौज घेऊन तंजावर जिंकलं, राजाला कैद केलं. १७७६ मध्ये मद्रासचा गव्हर्नर पिगॉट याने तुळजाजींना परत गादीवर बसवलं. त्यावर त्याच्याच कौन्सिलने त्याला अटक केली आणि तो कैदेतच मेला! कारण काय, तर नवाबाला भरमसाट व्याजाने पैसे देणाऱ्या पॉल बेनफील्डसारख्या गोऱ्या सावकारांनी तंजावरच्या पिकांवर आपला हक्क सांगितला होता. शेतात उभं असलेलं भात मद्रासमध्ये गहाण पडलेलं. हे प्रकरण पार लंडनच्या पार्लमेंटात गाजलं.

त्यावर कडी म्हणजे १७८१ मध्ये हैदरची स्वारी. बांध फोडले, गावं ओस पडली, माणसं पळाली, दुष्काळ पडला. राजाच्या माणसांवर शेतकऱ्यांचा विश्वास उरला नव्हता, धान्याचे पैसे मिळतील याची खात्री नव्हती. शेवटी त्या श्वार्ट्झ पाद्र्याने मध्यस्थी केली तेव्हा किल्ल्यात धान्य आलं. मराठी राजाच्या शब्दापेक्षा जर्मन पाद्र्याचा शब्द रयतेला खरा वाटावा, हेही भोसलवंशचरित्रात एक ओळ कोरायला हरकत नव्हती.

बाकी सरफोजींची विद्वत्ता मान्य. पण १७९९ च्या तहाने मुलूख कंपनीला गेला होता. राजाला वर्षाला एक लाख पगोडा (सोन्याची नाणी) आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा, ताब्यात फक्त किल्ला आणि आसपासची जागा. राज्य चालवायचं काम उरलं नाही की ग्रंथ जमवायला वेळ मिळतो.

कावेरीकाठची

जमाखर्च, पळ्ळर-परैयरांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि आमच्यासारख्यांच्या घरांत त्यावर कुणी बोलत नाही हेही खरं. आमचीही थोडी जमीन होती, कुळकायद्यात गेली. आजोबा कायद्याला शिव्या घालायचे, राबणाऱ्यांची नावं मात्र त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाहीत.

पण शेवटचं वाक्य पटलं नाही. वसुलाचा हिस्सा खाऊन बसलेले संस्थानिक पुढे हिंदुस्थानात शेकड्याने झाले. त्यातल्या किती जणांनी छापखाना काढला? सरफोजींनी वाड्यात देवनागरी खिळे जमवले आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, 'बालबोध मुक्तावली' नावाने. मुंबईत तेव्हा मराठी छपाईचं बाळसंही धरलं नव्हतं. औषधांसाठी धन्वंतरी महाल होता, आणि तिथले अनुभवसिद्ध उपचार तमिळ पद्यात बांधून घेतले, म्हणजे गावातल्या वैद्याला पाठ करता यावेत. मराठीत नाही, तमिळमध्ये. कुणासाठी काय लिहायचं याची जाण होती त्यांना.

बोरूबहाद्दर

मी मोडी वाचतो. त्यातलाच एक मुद्दा, कारण 'मराठी गेली कुठे' याचं अर्धं उत्तर कचेरीत आहे.

तंजावरच्या दरबाराचे हिशेब, हुकूम, देवळांची नेमणूक, नाचणाऱ्या बायकांचे पगार, हत्तीचा खुराक, सगळं मोडीत. कागदांचे गठ्ठे सरस्वती महाल ग्रंथालयात आणि इतरत्र आहेत. बरेचसे अजून नीट वाचलेलेच नाहीत, कारण ज्यांना मोडी येते त्यांना तिकडचे तमिळ शब्द कळत नाहीत आणि ज्यांना ते शब्द कळतात त्यांना मोडी येत नाही. एकेका ओळीत मराठी क्रियापद, फारसी कारभारी शब्द आणि तमिळ धान्याची मापं असा काला असतो. अक्षर लागलं म्हणजे अर्थ लागला असं नाही.

राज्य गेल्यावर हे कारकून घरी बसले नाहीत. कंपनीने त्यांनाच उचललं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रास इलाख्याच्या कचेऱ्यांत मराठीत हिशेब चालायचे आणि सरिस्तेदार, तहसीलदार म्हणून देशस्थांचा भरणा होता. म्हणजे मराठी लोकांत पसरली नाही, ती दफ्तरात बसली, आणि इंग्रजीने दफ्तर घेतल्यावर तिथून उठली. कुंभकोणमला जन्मलेले टी. माधवराव याच मुशीतले: त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण.

जमाखर्च यांच्या मुद्द्याला पुरवणी. राजांनी रयतेसाठी काय केलं याचं एक ठोस उत्तर आहे: छत्रं. रामेश्वरच्या वाटेवर राण्यांच्या आणि राजस्त्रियांच्या नावाने बांधलेल्या धर्मशाळा. नीडामंगलमला यमुनांबाळ छत्र प्रतापसिंहांच्या वेळचं, ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र सरफोजींचं, १८०२ चं. कंपनी मुलूख घेताना या छत्रांच्या खर्चाला कात्री लावेल अशी भीती होती, म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंटला सविस्तर पत्र लिहिलं. त्यातला तपशील बघा: ब्राह्मणापासून परैयापर्यंत कुणीही वाटसरू आला तरी त्याला शिजवलेला भात, शिजवलेलं चालत नसेल त्याला शिधा. मध्यरात्रीपर्यंत वाढप चालायचं, मग घंटा वाजवून पुकारा करायचा, अजून कुणी उपाशी असेल तर या. तान्ह्या पोरांना दूध, गरोदर बायकांची व्यवस्था, आजाऱ्याला वैद्य, वाटेत कुणी मेला तर त्याच्या जातीच्या रीतीने अंत्यविधी. पोरांना शिकवायला शिक्षकही. राजा आपल्या पदव्यांसाठी नव्हे, या घंटेसाठी इंग्रजांशी भांडतोय.

(जेवायला पंगती वेगळ्या असणार हे मी गृहीत धरतो. जमाखर्च विचारायच्या आत सांगून टाकलं.)

वाटचुकार

धागा काढल्याचं सार्थक झालं. पण मग त्या राज्यातलं काहीतरी सर्वसामान्य तमिळ माणसापर्यंत पोचलंच असेल ना? दफ्तर आणि वाडा सोडून? आणि ते सांबार संभाजीराजांच्या नावावरून, हे खरं का? व्हॉट्सॲपवर दर महिन्याला येतं.

कावेरीकाठची

सांबाराची गोष्ट गोड आहे, पण त्या काळातला एकही कागद कुणी दाखवलेला नाही. सोडून द्या. आमटी-सांबाराच्या वादात मी दोन्ही घरांकडून मार खाल्लाय.

पोचलं ते कीर्तन. समर्थांचे शिष्य या भागात आले, तंजावर आणि मन्नारगुडीला रामदासी मठ झाले. मठांतून अभंग बाहेर पडला आणि तमिळ भजनात जाऊन बसला. आज कुंभकोणमच्या आसपासच्या भजनात मराठीचं अक्षर न येणारे लोक तुकोबा, नामदेव म्हणतात, उच्चार त्यांचे पण चाल पक्की. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवा नावाचे कीर्तनकार तंजावरला आले आणि चातुर्मासभर त्यांनी कीर्तनं केली. ती ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेची घडीच बदलून टाकली. साकी, दिंडी, आर्या, ओवी हे सगळे मराठी छंद त्यांनी तमिळ आख्यानात आणले. माझी आजी सांगायची, भागवतर लोक दिंडी सुरू करायचे तेव्हा आमच्या आळीतल्या बायका पुढे सरकून बसायच्या. राजा नव्हता, राज्य नव्हतं, आणि दिंडी तमिळ बोलायला लागली होती.

आणि तुम्ही गाईडचं म्हणालात. ते मोठं देऊळ आजही राजवाड्याच्या देवस्थानात येतं. अठ्ठ्याऐंशी देवळांचे वंशपरंपरागत विश्वस्त भोसले घराण्यातले वडीलधारे आहेत. पुढच्या वेळी गाईडला सांगा, 'फिनिश' नाही झालेलं.

लक्ष्मीविलास

बडोद्याहून एक पुरवणी. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी, चिमणाबाई पहिल्या, तंजावरच्या राजघराण्यातल्या. लग्न १८८० चं, आणि तेव्हा बडोद्याचे दिवाण कोण, तर वर बोरूबहाद्दरांनी सांगितलेले कुंभकोणमचे माधवराव. त्या लग्नात तंजावरहून नर्तकी आणि वादकांचा ताफा बडोद्याला आला. सरफोजींच्या दरबारातल्या चार भावांनी, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू यांनी, ज्या नाचाचा क्रम बसवला, तो असा गुजरातेत पोचला. गौरा आणि कांतिमती या दोघी नर्तकी आमच्याकडे जुन्या माणसांच्या बोलण्यात यायच्या. आंदण म्हणून आलेल्या बायका होत्या त्या, त्यांना कुणी विचारलं नसणार. जमाखर्चांच्या वहीत हेही मांडा.

जमाखर्च

मांडलं.

घंटेबद्दल बोरूबहाद्दरांना दाद. ते पत्र मी वाचलं नव्हतं.

शेवट कसा झाला ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे ऑक्टोबर १८५५ मध्ये वारले. मागे विधवा राण्या आणि मुली, मुलगा नाही. कंपनीने गादी खालसा तर केलीच, पण राजाची खाजगी मालमत्ता, दागिने, शेतवाडी यांवरही टाच आणली. राण्यांतल्या थोरल्या कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर फिर्याद लावली आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला! कंपनी विलायतेत प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे अपिलाच्या सर्वोच्च कोर्टाकडे, गेली. १८५९ मध्ये तिथे निकाल फिरला: हे सरकारने राज्यकर्ता म्हणून केलेलं कृत्य आहे, त्याची चौकशी करायचा अधिकार कोर्टाला नाही. झालं ते न्याय्य होतं असं मात्र कौन्सिलनेही म्हटलं नाही. हा निवाडा कायद्याच्या पुस्तकांत आजही शिकवतात, बाईंचं नाव 'कामाची बोये' असं बिघडवून. १८६२ मध्ये सरकारने खाजगी मालमत्ता राण्यांना परत केली. ग्रंथालय वाचलं, १९१८ मध्ये लोकांना खुलं झालं.

वाटचुकार, परत गेलात तर वाड्यातला चँट्रीने घडवलेला सरफोजींचा संगमरवरी पुतळा बघून झाल्यावर ओरत्तनाडूला जा. तंजावरहून पट्टुकोट्टैची कुठलीही बस तिकडूनच जाते.